प्रिन्सची उडी : एका जुन्या गेमची आणि त्याच्या रीमेकची गोष्ट

(पुण्यात झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ कायम ठेवून किरकोळ संपादन केलं आहे.)



या मालेत आतापर्यंत किल्ल्यांवर व्याख्यानं झाली, नाण्यांवर झाली, छापखान्यांवर झाली. त्या रांगेत आज एक व्हिडिओ गेम येऊन बसला आहे. ‘हा इतिहासाचा विषय कसा?’ असं मला मघाशी दारातच एका ज्येष्ठ गृहस्थांनी विचारलं. प्रश्न रास्त आहे. उत्तर तासाभरात देण्याचा प्रयत्न करतो. एक तास पुरायला हवा, कारण आजच्या गोष्टीतल्या राजपुत्रालाही बरोब्बर एकच तास मिळाला होता.

आधी जरा हात वर करा बघू. काळ्या स्क्रीनवर, डॉसच्या त्या लुकलुकणाऱ्या रेघेपुढे ‘प्रिन्स’ असं टाइप करून एंटर दाबलंय, असे किती जण आहेत इथे? अर्धं सभागृह आहे की! आणि ‘प्रिन्स’च्या पुढे एक जागा सोडून ‘मेगाहिट’ टाइप करणारे? हां, आता हात जरा लाजत वर येतायत. ज्यांना कळलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, तो चोरदरवाजा होता. तो शब्द टाकला की गेममध्ये लबाडी करता यायची. आयुष्य वाढवता यायचं, न झेपणारी पातळी ओलांडून पुढे जाता यायचं.

नव्वदच्या दशकात आपल्याकडे गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लास निघाले. मी ज्या क्लासला जायचो तिथे सहा मशीन होती. चपला बाहेर काढून आत जायचं, आणि खोलीतला एसी आमच्यासाठी नव्हे, मशीनसाठी असायचा. सर चहाला गेले की वर्डस्टार बंद आणि ‘प्रिन्स’ सुरू. या फ्लॉपीवरून त्या फ्लॉपीवर असा तो गेम पसरला. त्याचं खोकं कोणी पाहिलं नव्हतं, सोबतची पुस्तिका कोणी पाहिली नव्हती, आणि तो बनवला कोणी हे तर आम्ही विचारलंसुद्धा नाही. आंबा खाताना झाड कुणी लावलं हे कोण विचारतं?

आज ते विचारू या. आणि त्याला जोडून दुसरंही विचारू या. तोच गेम पुढे पुन्हा घडवायला घेतला तेव्हा काय झालं? कारण त्या दुसऱ्या गोष्टीचा एक धागा थेट आपल्या पुण्यापर्यंत येतो.

पार्किंगमधला राजपुत्र

साल १९८५. अमेरिकेत जॉर्डन मेकनर नावाचा एकवीस वर्षांचा मुलगा येल विद्यापीठातून नुकताच बाहेर पडला होता. शिकत असतानाच त्याने अ‍ॅपल टू या कॉम्प्युटरवर ‘कराटेका’ नावाचा गेम लिहिला होता. ब्रॉडरबंड या कंपनीने तो १९८४ साली बाजारात आणला आणि तो चांगला चालला. आता पुढचा गेम काय, हा प्रश्न होता. डोक्यात अरेबियन नाइट्स होतं, आणि ‘रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क’ या सिनेमाची पहिली दहा मिनिटं होती. आठवत असेल तुम्हाला, तो नायक भुयारात सापळे चुकवत पळतो, दरवाजा खाली येत असतो आणि तो शेवटच्या क्षणी खालून निसटतो. ती धडधड मेकनरला कॉम्प्युटरवर आणायची होती.

त्या काळी उड्या मारायचे गेम नवे नव्हते. फळीवरून फळीवर उडी मारत पुढे जायचं, अशा प्रकाराला ‘प्लॅटफॉर्म गेम’ म्हणतात. १९८१ साली ‘डाँकी काँग’ आला होता. सप्टेंबर १९८५ मध्ये जपानमध्ये ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ आला. मारिओ ही या घराण्यातली सगळ्यांत मोठी असामी. पण मारिओची उडी आठवा. तो हवेत असताना तुम्ही त्याला मागे-पुढे वळवू शकता. तो रबराचा आहे. पडला तरी त्याला लागत नाही. तो माणूस नाही, माणसाचं चित्र आहे. आणि ते तसंच असावं, त्यातच त्याची मजा आहे.

मेकनरला दुसरंच काहीतरी हवं होतं. मारिओ आल्यानंतरच्याच महिन्यात, ऑक्टोबर १९८५ मध्ये, त्याने आपल्या शाळकरी धाकट्या भावाला, डेव्हिडला, पांढरे कपडे घालून एका पार्किंगच्या मोकळ्या जागेत नेलं आणि व्हिडिओ कॅमेरा सुरू केला. पळ. थांब. वळ. उडी मार. त्या भिंतीला लटक. वर चढ. भाऊ बिचारा सांगेल तसं करत होता.

पुढचं काम ऐका. ती टेप टीव्हीवर लावायची. एकेक चौकट थांबवायची. अंधाऱ्या खोलीत टीव्हीच्या पडद्याचा साध्या कॅमेऱ्याने फोटो काढायचा. रीळ धुवायला द्यायचं. आलेल्या फोटोंवर काळ्या मार्करने आणि व्हाइटनरने आकृती गिरवायची, म्हणजे काळ्यावर पांढरा माणूस स्वच्छ दिसेल. त्याची झेरॉक्स काढायची. ती झेरॉक्स कॅमेऱ्याखाली ठेवून कॉम्प्युटरमध्ये घ्यायची. मग एकेक ठिपका हाताने दुरुस्त करायचा. एका उडीसाठी हे सगळं, आणि तेही प्रत्येक चौकटीला.

या युक्तीला रोटोस्कोपिंग म्हणतात, आणि ती मेकनरची नाही. मॅक्स फ्लायशर या व्यंगचित्रपटकाराने तिच्या पेटंटसाठी १९१५ साली अर्ज केला आणि १९१७ साली त्याला ते मिळालं. फ्लायशरने त्या वेळी कोणाचं चित्रीकरण करून गिरवलं, माहितेय? विदूषकाचा झगा घालून कॅमेऱ्यासमोर उभा राहिला होता त्याचा धाकटा भाऊ. नाव डेव्ह! सत्तर वर्षांच्या अंतराने दोन थोरले भाऊ, दोन धाकटे डेव्हिड. इतिहासात असे योगायोग भेटतात तेव्हा त्यातून सिद्धांत काढू नये. पण ही युक्ती स्टुडिओत नव्हे, घरात जन्मली आणि पुन्हा घरातच वापरली गेली, एवढं मात्र त्यातून दिसतं.

तलवारबाजीचा प्रश्न राहिला. दोन्ही भावांना तलवार येत नव्हती. मेकनरने १९३८चा ‘अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड’ काढला. त्यात एरल फ्लिन आणि बॅसिल रॅथबोन यांचं शेवटचं द्वंद्व आहे. त्यातल्या फक्त सहा सेकंदांत ते दोघंही कॅमेऱ्याला बाजूने, आडवे दिसतात. ती सहा सेकंदं त्याने गिरवली. आपण क्लासमध्ये शिपायांशी जे खणाखण लढायचो, ते हॉलिवूडचं १९३८ सालचं द्वंद्व होतं.

याचा परिणाम काय झाला? या राजपुत्राला वजन आलं. तो पळायला लागतो तेव्हा आधी झुकतो, मग वेग घेतो. उलटं वळायचं तर आधी घसरतो. एकदा उडी घेतली की हवेत मत बदलता येत नाही. एक मजला खाली पडला तर काही होत नाही, दोन मजले पडला तर लागतं, तीन मजले पडला की मेला. म्हणून तुम्हाला पाऊल टाकताना भीती वाटायची. शिफ्टचं बटण दाबून तो कडेपर्यंत एकेक पाऊल सरकायचा, आणि खोलीतले सहाही जण श्वास रोखून बघायचे. त्या आधी कॉम्प्युटरवरच्या माणसासाठी कोणी श्वास रोखला असेल, पण तो गुण हुकू नयेत म्हणून. इथे तो पडू नये म्हणून रोखला जात होता.

टंचाईतून आलेली सावली

आता दुसरा भाग. अ‍ॅपल टू हे मशीन १९७७ सालचं. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ बाजारात आला १९८९ साली. म्हणजे मशीन बारा वर्षांचं म्हातारं झालं होतं. मेमरी १२८ किलोबाइट. तुमच्या खिशातल्या फोनमध्ये सकाळच्या ‘सुप्रभात’चं जे फूल येतं ना, ते एक फूल त्या मेमरीत मावलं नसतं. हशा सोडा, पण आकडा लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट त्या आकड्यावर उभी आहे.

राजपुत्राच्या त्या सुंदर हालचालींनीच ती जागा खाऊन टाकली. शत्रू काढायला जागाच उरली नाही. मेकनरने तर ठरवूनच टाकलं होतं की हा गेम सापळ्यांचा आहे, यात मारामारी नसेल. ब्रॉडरबंडमधली त्याची सहकारी टोमी पिअर्स मात्र त्याच्या मागे लागली होती. काहीतरी कमी आहे, कोणीतरी समोर हवं. जागा नाही, हे त्याचं ठरलेलं उत्तर.

मग तोडगा निघाला. नवा माणूस काढायला जागा नाही ना? मग राजपुत्राचीच आकृती घ्यायची, ती एका ठिपक्याने सरकवायची आणि तिच्याच अंगावर अशी मिसळायची की जिथे दोन्ही ठिपके सारखे तिथे काळं, जिथे वेगळे तिथे उजेड. प्रोग्रॅमिंगमधली ही अगदी साधी क्रिया, एक्सऑर म्हणतात तिला. त्यातून पडद्यावर उमटला तो झिरझिरीत, भुतासारखा चमकणारा दुसरा राजपुत्र. जादा मेमरी जवळजवळ शून्य. पुढे खटपट करून थोडी जागा मोकळी झाली आणि शिपाईही आले. पण आधी आली ती सावली.

आणि ही सावली गोष्टीत कशी बसली बघा. चौथ्या पातळीवर वाटेत एक आरसा येतो. तो ओलांडायचा तर त्यातून उडी मारूनच जावं लागतं. उडी मारली की तुमच्यातूनच एक सावली निघून उलट दिशेने पळते. पुढच्या पातळीवर तुम्ही ज्या औषधाकडे धावत असता ते तुमच्या डोळ्यांदेखत ती पिऊन टाकते. त्याच्या पुढच्या पातळीवर तुमच्या तोंडावर दरवाजा बंद करते आणि तुम्ही खाली कोसळता. शेवटी, बाराव्या पातळीवर, ती तलवार काढून समोर उभी राहते. तुम्ही तिच्यावर वार केला की जीव तुमचाच कमी होतो. तिला मारलं तर तुम्ही मरता. उपाय एकच. तलवार म्यान करायची आणि सरळ तिच्या दिशेने चालत जायचं. दोघं एक होतात. मग पुढे जिथे दरीच दरी दिसते तिथे पाऊल टाकलं की पायाखाली पूल तयार होतो.

आम्हाला क्लासमध्ये हे कुणी सांगितलं नव्हतं. एक मित्र चिडून म्हणाला, ‘जाऊ दे, लढतच नाही’, त्याने तलवार आत घातली आणि रस्ता सुटला. त्या दिवशी आम्ही सगळे थोडा वेळ गप्प होतो. आपलाच शत्रू आपणच, हे कीर्तनात शंभरदा ऐकलं होतं. हाताने करून पाहिलं ते त्या दिवशी.

माझा मुद्दा असा की हा गेमचा आत्मा वाटणारा भाग कोणी आधी कागदावर लिहून ठरवला नव्हता. १२८ किलोबाइटच्या टंचाईने तो सुचवला. टंचाई सगळ्यांनाच असते, त्यातून प्रत्येकाला सावली सापडत नाही, हेही खरं. पण टंचाई नसती तर इथे साधा एखादा राक्षस उभा राहिला असता.

तिसरी गोष्ट वेळेची. साठ मिनिटं. खरी, घड्याळाची. दुष्ट वजीर जाफरने राजकन्येला मुदत दिली आहे: एका तासात माझ्याशी लग्न कर, नाहीतर मर. तुम्ही कितीही वेळा मेलात तरी पातळी पुन्हा सुरू होते, पण घड्याळ मागे जात नाही. म्हणजे चुकीला माफी आहे, वेळेला नाही. या तीन गोष्टी, उडीचं वजन, स्वतःचीच सावली आणि न परतणारा तास, मिळून तो गेम होतो. राजवाड्याची चित्रं ही त्यावरची नक्षी. तीही छानच आहे, पण नक्षीच.

पुन्हा घडवताना काय राहिलं

१९८९ साली गेम आला तेव्हा तो फारसा खपला नाही. मशीनच म्हातारं झालेलं. त्याला वाचवलं ते दुसऱ्या मशीनवरच्या आवृत्त्यांनी. १९९० साली डॉसवर आला, तोच आपल्या क्लासपर्यंत पोचला. मग अमिगा, मॅक, जपानी कॉम्प्युटर, घरात टीव्हीला जोडायचे कन्सोल. १९९२ साली सुपर निन्टेन्डोवर आलेल्या आवृत्तीत तर पातळ्या वीस झाल्या आणि वेळ १२० मिनिटं. म्हणजे ‘रीमेक’ हा शब्द रूढ होण्याआधीच त्याची पुनर्घडण सुरू झाली होती. घर वाढवलं तसं घड्याळही वाढवलं, एवढं भान त्या मंडळींनी ठेवलं.

मोठा बदल झाला २००३ साली. फ्रेंच कंपनी युबिसॉफ्टच्या कॅनडातल्या मॉन्ट्रियल स्टुडिओने ‘सँड्स ऑफ टाइम’ केला. गोष्ट लिहायला स्वतः मेकनर होता. आता जग सपाट राहिलं नव्हतं, तिन्ही दिशांना पसरलं होतं. राजपुत्र भिंतीवर पळू लागला. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे त्याच्या हाती एक खंजीर आला, ज्याने काही सेकंद वेळ मागे नेता येतो. उडी चुकली? मागे जा, पुन्हा मार.

वरवर पाहिलं तर हा मूळ गेमचा भंग आहे. जिथे वेळ परत येत नव्हती तिथे ती परत यायला लागली. पण मला ते उलट वाटतं. या मंडळींनी मूळ गेम नीट वाचला होता. हा गेम वेळेबद्दल आहे, हे त्यांना कळलं होतं. म्हणून त्यांनी वेळेचाच नियम बदलला, वेळ हा विषय सोडला नाही. शिष्याने गुरूची चीज तशीच न गाता नव्या अंगाने मांडावी आणि तरी घराणं ओळखू यावं, तसं.

याच्या शेजारी २००७ चा ‘प्रिन्स ऑफ पर्शिया क्लासिक’ ठेवून बघा. हा १९८९च्या मूळ गेमचाच सरळ रीमेक, गेमलॉफ्ट कंपनीने केलेला. खोल्या त्याच, सापळे तेच, दरवाजे तिथेच. चित्रं नवी, उजेड-सावल्या नव्या. वाटेत थांबे दिलेले, म्हणजे मेलात तर पातळीच्या सुरुवातीपासून यायला नको. काही हालचाली ‘सँड्स ऑफ टाइम’मधून उचललेल्या. मी तो आनंदाने खेळलो. पण कडेवर उभं राहिल्यावर पोटात खड्डा पडायचा, तो पडला नाही. नकाशा तोच होता, शरीर बदललं होतं. आपल्याकडे देवळाच्या जीर्णोद्धारात काळ्या दगडावर ऑइल पेंट फासलेला तुम्ही पाहिला असेल. भक्ती खरी असते, खर्चही मनापासून केलेला असतो, आणि तरी कोरीव काम बुजतं. तसं थोडंसं.

म्हणून मी असं मांडतो. रीमेक करणाऱ्यापुढे पहिला प्रश्न चित्रं किती सुंदर करायची हा नसतो. जुन्या गेममधल्या कोणत्या गोष्टी नाइलाजाने आल्या होत्या, आणि त्यांतल्या कोणत्या नाइलाजातून गेमचा जीव तयार झाला, हे ओळखायचं असतं. ठिपके मोठे दिसणं हा नाइलाज, तो सोडून द्या. सावली हाही नाइलाजच होता, पण ती सोडलीत तर गेम गेला.

पुण्यातला प्रिन्स

आता आपल्या शहराकडे येतो. गेमलॉफ्टचा पुण्यात स्टुडिओ होता. २००८ साली तो युबिसॉफ्टकडे आला आणि युबिसॉफ्ट पुणे झाला. २०१८ साली याच कंपनीने मुंबईतही स्टुडिओ उघडला. आणि सप्टेंबर २०२० मध्ये जाहीर झालं की ‘सँड्स ऑफ टाइम’चा रीमेक होतोय आणि तो पुणे आणि मुंबईचे स्टुडिओ मिळून करतायत. पूर्वी मोठ्या गेममधला एखादा तुकडा, तपासणी किंवा दुसऱ्या मशीनवर नेण्याचं काम आपल्याकडे यायचं. इथे संपूर्ण गेमची धुरा इथल्या लोकांकडे होती. ज्यांनी लहानपणी क्लासमध्ये ‘प्रिन्स’ टाइप केलं असेल, अशांच्या पिढीकडे प्रिन्स परत आला होता. ती बातमी वाचताना मला झालेला आनंद मी लपवणार नाही.

तो आनंद फार टिकला नाही. ट्रेलर आला आणि जगभरातून टीका सुरू झाली. चित्रं जुनाट दिसतात, चेहरे निर्जीव आहेत. स्टुडिओकडून सांगितलं गेलं की हा परीकथेसारखा रंग जाणूनबुजून निवडला आहे. कोणाचं समाधान झालं नाही. जानेवारी २०२१ ची तारीख दिली होती, ती मार्चवर गेली. मग फेब्रुवारीत सांगितलं की आता तारीखच नाही. मे २०२२ मध्ये काम पुणे-मुंबईकडून काढून मॉन्ट्रियलकडे, म्हणजे २००३ च्या मूळ स्टुडिओकडे देण्यात आलं. आणि जानेवारी २०२६ मध्ये, काही इतर गेमबरोबर, तो प्रकल्पच रद्द झाल्याचं कंपनीने जाहीर केलं.

टीका सगळी चुकीची होती असं मी म्हणणार नाही. त्या ट्रेलरमधले चेहरे मलाही कोरडे वाटले. आपल्या गावच्या पोराने केलं म्हणून वाईटाला चांगलं म्हणायचं, हे इतिहासात चालत नाही. पण दोन गोष्टी नोंदवतो. एक, काहींच्या बोलण्यात स्टुडिओ कुठल्या देशात आहे हाच दोष होता. त्याला टीका म्हणत नाहीत. दुसरी, तो निवाडा चित्रांवर झाला. उडी कशी आहे, वजन कसं आहे, वेळ मागे नेताना हाताला काय वाटतं, हे ट्रेलर बघून कोणालाही कळणार नव्हतं. आणि मघाशी आपण पाहिलं, प्रिन्सचा जीव तर तिथेच होता. पुढे तोच प्रकल्प मूळ स्टुडिओकडे जाऊनही पार पडला नाही. म्हणजे ‘तिकडच्यांना जमलं नाही’ एवढ्या एका वाक्यात हा विषय मिटत नाही, हे तर उघड आहे.

खोक्यातल्या फ्लॉप्या

आता त्या गृहस्थांच्या प्रश्नाकडे येतो. हा इतिहासाचा विषय कसा?

मी तुम्हाला आज पार्किंगमधला भाऊ सांगितला, व्हाइटनर सांगितलं, टोमी पिअर्सचा आग्रह सांगितला. हे मला कुठून कळलं? मेकनर रोजनिशी लिहायचा. गेम बनवत असतानाच. आज काय जमलं, काय फसलं, कोणाशी वाद झाला, हे सगळं सोडून सिनेमे लिहायला जावं का, असले विचारसुद्धा. ती रोजनिशी पुढे पुस्तकरूपाने आली. त्याचे कागद आणि टेप न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टर इथल्या ‘द स्ट्राँग’ या खेळांच्या संग्रहालयात आहेत.

आणि मूळ प्रोग्रॅम? तो हरवला होता. वर्षानुवर्षं शोधूनही सापडत नव्हता. २०१२ साली मेकनरच्या वडिलांनी घरातलं एक जुनं खोकं त्याला पाठवलं. हे तेच वडील, फ्रान्सिस मेकनर, ज्यांनी मूळ गेमचं संगीत दिलं होतं. खोक्यात जुन्या फ्लॉप्या होत्या, आणि त्यांत ‘प्रिन्स’चा मूळ प्रोग्रॅम. वीस-बावीस वर्षं पडून असलेली फ्लॉपी म्हणजे जुन्या पोथीसारखीच, उलगडायला गेलं तर तुकडा पडायचा. जेसन स्कॉट आणि टोनी डियाझ या जाणकारांनी जुनी मशीन जमवून ती काळजीपूर्वक वाचून घेतली, आणि मेकनरने तो प्रोग्रॅम सगळ्यांसाठी खुला केला. आज त्यात सावलीची युक्ती ओळ न् ओळ वाचता येते. उद्या कोणाला पुन्हा प्रिन्स घडवायचा झाला तर कशाला हात लावायचा आणि कशाला नाही, हे ठरवायला पुरावा आहे. एक रोजनिशी, एक टेप, एक खोकं. वडिलांनी ते रद्दीत घातलं असतं तर आज मी इथे फक्त आठवणी सांगत बसलो असतो.

आणि आता याच तराजूत पुण्या-मुंबईतलं काम ठेवा. कितीतरी जणांनी काही वर्षं त्या रीमेकवर घालवली. त्या राजपुत्राला चालवलं, पळवलं, पाडलं, पुन्हा उभं केलं. कोणीतरी उडीची लांबी चारदा बदलली असेल, कोणीतरी त्यावरून रात्री भांडलं असेल. बाहेरच्या जगाकडे त्यातलं काय आहे? एक ट्रेलर, पुढे ढकललेल्या तारखा आणि रद्द झाल्याची सूचना. प्रकल्पाचा इतिहास लिहायचा झाला तर तो टीकाकारांच्या शब्दांत लिहिला जाईल, कारण शब्द फक्त त्यांचेच उरले आहेत. आपल्याकडच्या कारागिरांच्या बाबतीत हे नवीन नाही. वास्तू दिसते, बांधणाऱ्याचं नाव सापडत नाही. इथे तर वास्तूही उभी राहिली नाही.

या शहरात त्याच्याही आधी, बटणांच्या मोबाइलवर चालणाऱ्या छोट्या छोट्या गेमचं काम झालं. ते फोन भंगारात गेले, त्यांच्याबरोबर गेमही गेले. ते करणारी माणसं मात्र अजून आहेत. चाळिशी-पन्नाशीत आहेत. कदाचित आज या सभागृहातही असतील.

त्यांना एक विनंती करून थांबतो. कंपनीचे गोपनीयतेचे करार असतात, ते मोडा असं मी सांगणार नाही. कंपनीची फाइल कंपनीची. पण तुमचा दिवस तुमचा आहे. कोणत्या साली कोणत्या कामावर होतो, शेजारी कोण बसायचं, काय शिकलो, काय जमलं नाही, कशाचा अभिमान वाटला, हे एका वहीत लिहून ठेवा. तारीख घाला. आज कोणाला दाखवू नका. कपाटात ठेवा. घरातल्यांना सांगून ठेवा की दिवाळीच्या साफसफाईत ही वही काढायची नाही. वीस वर्षांनी करार संपलेले असतील, कंपन्यांची नावं बदललेली असतील, आणि कोणीतरी विद्यार्थी हे शोधत येईल. त्याच्यासाठी.

मूळ प्रिन्समध्ये घड्याळ मागे जात नव्हतं. पुढच्यात जायचं, तेही काही सेकंदच, आणि खंजिरात वाळू असेल तेवढंच. आपल्याकडे खंजीर नाही. वही आहे.

माझा तास संपला. प्रश्न असतील तर जरूर विचारा. आणि मघाशी दारात भेटलेले गृहस्थ अजून बसलेले दिसतायत, तेव्हा पहिला प्रश्न त्यांचा.